चौतीस ओळींचं पान

बाईंनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं, टेबलावर आपटलं म्हणावं इतक्या जोरात ठेवलं आणि म्हणाल्या, "माझे डोळे गेलेत का, एवढंच मला शोधून द्या."

भावोजी लगबगीने उठले. "डोळ्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर आहे. जिना इकडून..."

"तिथूनच खाली आले मी. डॉक्टर म्हणतात, डोळे ठणठणीत आहेत."

"बसा, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "आणि तुम्हीही बसा, बाई. पाणी घ्या आधी."

वहिनींचं खासगी तपासाचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं, चार खुर्च्या आणि मनात आलं तर फिरणारा पंखा. विमा कंपनीत वीस वर्षं खोटे दावे पकडून झाल्यावर त्यांनी हे दुकान मांडलं. नवरा हयात नव्हता. धाकटे दीर टपाल खात्यातून निवृत्त होऊन घरी बसले आणि घरच्यांच्या डोक्याला ताप झाले, तेव्हा त्यांनी दिरांना मदतनीस म्हणून इथे आणून बसवलं. ते वहिनी म्हणत म्हणून येणारे-जाणारेही वहिनीच म्हणू लागले. भावोजींची बुद्धी बैलगाडीच्या चालीची, पण मोजायला माणूस पक्का. काहीही मोजायला द्या, एकाने चुकणार नाहीत.

आलेल्या बाई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. एका प्रकाशन संस्थेत एकतीस वर्षं त्यांनी प्रुफं तपासली होती. तिथला संपादक त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. तो ताई म्हणे, म्हणून शिपायापासून मालकापर्यंत सगळे ताईच म्हणत.

"पुस्तक एका प्राध्यापकांचं आहे," ताई सांगू लागल्या. "इंग्रजी शब्दांचे घोटाळे. 'अफेक्ट' कुठे लिहायचं, 'इफेक्ट' कुठे. कॉलेजच्या 'प्रिन्सिपल'चं स्पेलिंग वेगळं, तत्त्वाचं वेगळं. चार प्रकरणं अशा जोड्यांची. पाचवं प्रकरण नेहमी चुकणाऱ्या स्पेलिंगांचं, सोळा पानं. दोन रकाने आहेत. एकात चूक, एकात बरोबर. उघडा."

वहिनींनी उघडलं. डावीकडे ठळक अक्षरांत 'बरोबर', उजवीकडे 'चूक'.

"आता 'नेसेसरी' बघा. 'बरोबर'च्या खाली दोन सी, एक एस. 'चूक'च्या खाली एक सी, दोन एस."

"मग यात बिघडलं काय?" भावोजींनी विचारलं.

"एक सी, दोन एस हेच खरं."

"अरेच्चा! मी तर जन्मभर..."

"लिहीत असाल. खूप जण लिहितात. त्यांच्यासाठीच तर हे पुस्तक होतं ना!" ताईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "सोळाच्या सोळा पानं उलटी छापली गेलीत. दहा हजार प्रती. एका शाळेत मुलांनी हे पुस्तक उशाशी घेऊन 'रिसीव्ह' पाठ केलं आणि अख्खा वर्ग नापास झाला. पेपरात व्यंगचित्र आलं. चुका शिकवणारं पुस्तक म्हणून लोक पोट धरून हसताहेत."

"आणि खापर तुमच्यावर."

"शेवटच्या प्रुफावर माझी सही आहे, वहिनी. मालकांनी वरचं पान माझ्यापुढे नाचवलं, तेव्हा मी स्वतः बघितली. सही माझी, तारीख माझ्या हातची, लाल शाई माझी. पण मी वाचलं तेव्हा डावीकडे 'चूक' होतं आणि उजवीकडे 'बरोबर'. हे मी शपथेवर सांगेन. आता एकतर माझे डोळे खोटे, नाहीतर माझं डोकं."

त्यांनी घडी घातलेला एक कागद पुढे केला. परवा पेपरात छापायचं निवेदन होतं. 'आमच्या मुद्रितशोधकाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे' असं त्यात होतं आणि पुढे ताईंचं पूर्ण नाव.

"हे लिहिलं कोणी?"

"भावानेच. 'अक्षम्य'च्या जागी मालकांना फार वाईट शब्द हवा होता. त्याने भांडून सौम्य केलाय म्हणे." ताईंनी तो कागद पुन्हा घडी करून पिशवीत टाकला. "मी त्याच्याकडेच राहते. परवा भाची एका शब्दाचं स्पेलिंग विचारायला आली. तिची आई आतून म्हणाली, 'राहू दे गं, आत्याला त्रास नको.' आजवर त्या घरात स्पेलिंग विचारलं गेलं ते मलाच. मी उठून गच्चीत जाऊन बसले."

भावोजींनी उगाच चष्मा पुसला.

"माझी चूक असेल तर मला स्पष्ट सांगा," ताई म्हणाल्या. "मी त्या निवेदनाखाली स्वतः सही करीन आणि पुन्हा लाल पेनाला हात लावणार नाही. पण मला कळलं पाहिजे."

---

प्रकाशन संस्थेच्या मालकांनी दोन दिवसांची मुदत दिली, तीही उपकार केल्यासारखी. "शोधा, शोधा. सही पुसून निघते का तेही बघा," असं म्हणून ते फोनला लागले.

प्रुफांची खोली लांबट होती. एका भिंतीला कपाट, खिडकीखाली ताईंचं टेबल, समोर अक्षरजुळणीचा संगणक. तपासून सही झालेली पानं कपाटात पुस्तकावार ठेवलेली असत. कपाटाला कुलूप नव्हतं.

"कधीच नव्हतं," ताईंची सहायिका म्हणाली. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. नऊ वर्षं ताईंच्या हाताखाली काम केलेली, आणि ताई गेल्या तर त्यांची खुर्ची तिलाच मिळणार होती. "जुन्या प्रुफांची कोण चोरी करणार?"

"तुमची कामाची पद्धत सांगा."

"पद्धत ताईंची, मी फक्त शिकले. शब्दांच्या यादीचं पान असेल तर दर दहा ओळींनी समासात लाल टिंब. मध्ये कोणी हाक मारली, फोन आला, तर कुठवर आलो ते कळावं म्हणून. पान संपलं की सही आणि त्या दिवसाची तारीख. आणि यादीची पानं दिवसाला फक्त आठ. नववं पान ताई कोणालाच वाचू देत नाहीत. म्हणतात, आठानंतर डोळा बघतो पण वाचत नाही."

"आणि सही झाल्यावर पानात बदल करायचा असला तर?"

"स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही! हलवला तर पान परत ताईंकडे. मालकांनाही ही सूट नाही."

"ताई गेल्या तर खुर्ची तुमची, नाही का?"

चष्मेवालीचा चेहरा लालबुंद झाला. "हो, माझी. आणि त्या सोळा पानांमुळे मिळणार असेल तर थुंकते मी त्या खुर्चीवर! लिहून घ्या हे."

भावोजींनी खरंच लिहून घेतलं.

वहिनींनी कपाटातून पुस्तकाची सगळी प्रुफं काढली, चौथ्या प्रकरणातली यादीची पानं भावोजींपुढे ठेवली आणि शेजारी पाचवं प्रकरण ठेवलं. "मोजा."

भावोजी खुलले. अर्ध्या तासाने त्यांनी अहवाल दिला. "दोन्हीकडे प्रत्येक पानावर चौतीस ओळी. चौथ्यात टिंबं पाचव्या, पंधराव्या आणि पंचविसाव्या ओळीशी. पाचव्या प्रकरणात दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या. अंतर दोन्हीकडे दहा-दहाचंच, म्हणजे सगळं ठीकठाक. तारखा पण लिहू का? चौथ्यात दर आठ पानांनी तारीख बदलते. पाचव्यात सोळाही पानांवर आठ तारीख."

"शाबास, भावोजी."

"काही सापडलं का?"

"तुम्हालाच सापडलंय. जपून ठेवा वही."

भावोजींनी वहीची सगळी पानं दोनदा उलटून पाहिली. त्यांना काही दिसलं नाही.

जुळणीवाला समोरच बसत असे. पस्तिशीचा, बडबड्या. उजवा गाल अजून जरा सुजलेला. "सगळे मलाच धरणार, मला माहितीये," तो आधीच सुरू झाला. "नाचता येईना, अंगण वाकडं. काही झालं की जुळणीवाला! पण फाइल छापखान्यात गेली तेव्हा मी जागेवर नव्हतोच. दहा तारखेला दुपारी तीनला दाढ काढायला गेलो; परवा दुसरी काढली. दवाखान्याची पावती आहे. संपादकसाहेबांना सांगून गेलो होतो की फाइल तयार आहे, फक्त पाठवायची."

"किती वाजता गेली?"

"पाच वाजून दहा मिनिटांनी. संगणकावर वेळ दिसते ना."

"डोक्यावरचे हे शब्द, 'चूक' आणि 'बरोबर', प्रत्येक पानावर वेगळे टाकावे लागतात?"

"छे हो! मास्टर पेजवर एकदाच टाकायचे. तिथे बदललं की सगळ्या पानांवर बदलतं. खालचे शब्द मात्र ज्या रकान्यात आहेत तिथेच राहतात."

"ताईंच्या कामात कधी ढिलाई दिसली?"

"ताईंच्या?" तो हसला आणि गाल धरून कळवळला. "ताईंची गाडी कायम रिव्हर्समध्ये, पण ठोकर एकदाही नाही. यादी खालून वर वाचतात. शेवटच्या ओळीवर पट्टी ठेवायची आणि वर वर सरकवत न्यायची. वरून वाचलं की डोकं पुढचा शब्द आपणच ठरवून टाकतं म्हणे. मी समोर बसून रोज बघतो. मला तर गरगरायला होतं."

---

संपादक चाळिशी ओलांडलेला, नीटनेटका, आवाजात लोणी असलेला माणूस होता. वहिनींना पाहून तो उभा राहिला.

"ताई तुमच्याकडे गेली हे मला मालकांकडून कळलं. मला सांगितलं असतं तर मीच घेऊन आलो असतो." त्याने कपाळावर हात ठेवला. "माझी अवस्था तुम्हाला काय सांगू! वडील गेले तेव्हा मी तिसरीत होतो, आई त्याच्याही आधी गेलेली. माझ्या प्रगतिपुस्तकावर सहीसुद्धा ताईचीच असायची. आज मी या खुर्चीत आहे तो तिच्यामुळे. आणि तिच्याच विरुद्ध मला निवेदन लिहावं लागलं."

"लागलं?"

"मी नसतं लिहिलं तर मालकांनी लिहिलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ."

"फाइल छापखान्यात कोणी पाठवली?"

"जुळणीवाल्याने. तेच तर त्याचं काम."

"ताईंच्या हातून एवढी मोठी चूक होईल असं तुम्हाला वाटतं?"

संपादकाने सुस्कारा सोडला. "वय कोणाला चुकलंय, वहिनी? लहानपणापासून बघत आलोय. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसायची, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, वरून खाली एकेक ओळ बोट ठेवून वाचायची. तशी वाचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पण माणूस आहे, कधीतरी थकणारच. मी तिला म्हटलंय, ताई, आता मान्य करून मोकळी हो. मी आहे."

बाहेर आल्यावर भावोजींचे डोळे पाणावले होते. "भाऊ असावा तर असा."

"त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिलंत ना?" वहिनींनी विचारलं.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्राध्यापकांच्या घरी गेल्या. प्राध्यापक अजून धुमसत होते. "तोंड दाखवायला जागा राहिली नाही! विद्यार्थी मला रस्त्यात 'रिसीव्ह'चं स्पेलिंग विचारतात."

"तुमच्या मूळ हस्तलिखितात ताईंनी किती चुका काढल्या होत्या?"

प्राध्यापकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "दोनशे चौदा," ते शेवटी म्हणाले. "आणि वर बाईंनी शेवटी लिहिलं, 'एकंदरीत उत्तम.' माझ्याच विद्यार्थ्याला शेरा द्यावा तसा!"

"मग तुमचा राग असणार त्यांच्यावर."

"होता! पण स्वतःच्या पुस्तकाची माती करायला मी काय वेडा आहे? आणि ती पानं मला बघायला कुठे मिळतात? सही झालेलं प्रूफ ते लोक इमारतीबाहेर जाऊ देत नाहीत. मी सांगतो त्याला तिथे किंमत नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा मी संपादकांना फोन केला होता, चारच्या सुमाराला. म्हटलं, वाचकाला डावीकडे आधी बरोबर शब्द दिसू द्या, चूक नंतर. 'बरं, बरं' म्हणाले. आणि काय केलं?"

वहिनींनी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. "डावीकडे काय लिहिलंय, प्राध्यापक?"

"बरोब..." प्राध्यापक थांबले. "म्हणजे... ऐकलं त्यांनी माझं?"

रस्त्यावर आल्यावर भावोजी म्हणाले, "म्हणजे जुळणीवाल्याने केलं?"

"अहो, तो तेव्हा तोंडात कापूस धरून बसला होता! चला, सगळ्यांना एकत्र बोलवा. दुपारी, प्रुफांच्या खोलीत. ताईंनाही."

---

दुपारी तीन वाजता खोलीत सात माणसं होती. मालक घड्याळ बघत उभे. संपादक दाराशी. चष्मेवाली आणि जुळणीवाला आपापल्या जागी. ताई खिडकीखाली, पण आपल्या खुर्चीत न बसता बाजूच्या स्टुलावर.

"ताई," वहिनींनी सुरुवात केली, "तुम्ही मला विचारलं होतं, डोळे गेलेत का. गेले नाहीत. पाचव्या प्रकरणाची ही सोळा पानं तुम्ही कधी पाहिलेलीच नाहीत."

मालक पुढे आले. "आणि सही?"

"सहीकडे येते. भावोजी, वही काढा. चौथ्या प्रकरणात टिंबं कुठे आहेत?"

"पाचवी, पंधरावी, पंचविसावी ओळ."

"पान चौतीस ओळींचं. आता शेवटच्या ओळीला एक म्हणा आणि वर मोजत जा. दहावी ओळ कुठे येते?"

भावोजींनी बोट ठेवून मोजलं. त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. "पंचविसाव्या ओळीशी! विसावी पंधराव्याशी. तिसावी... अहो, पाचव्याशी! अगदी टिंबावर!"

"कारण ताई खालून वर वाचतात. दहा झाल्या की टिंब. उरलेल्या चार ओळी वर राहतात. आता या सोळा पानांवर बघा. दहा, वीस, तीस. उरलेल्या चार ओळी खाली. ही टिंबं वरून खाली मोजत आलेल्या माणसाने दिली आहेत. त्याला दर दहा ओळींनी टिंब असतं हे ठाऊक होतं, पण ताई कुठल्या टोकाने सुरुवात करतात हे ठाऊक नव्हतं."

वहिनींनी पानांवरच्या तारखांवर बोट ठेवलं.

"तारखाही तशाच. ताई यादीची आठच पानं रोज वाचतात. सोळा पानांना दोन दिवस हवेत, दोन तारखा हव्यात. इथे सोळाही पानांवर आठ तारीख. ताईंनी तपासलेली खरी पानं काढून टाकली गेली आणि छापलेल्या पुस्तकाशी जुळणारी नवी पानं इथे घुसवली. टिंबं, तारीख, सही, सगळं एका बैठकीत."

"पण कोणी?" मालक ओरडले.

"चष्मेवालीबाईंनी केलं असतं तर टिंबं खालून दिली असती. नऊ वर्षं त्या तेच करताहेत. जुळणीवाला समोर बसतो, ताईंची गाडी उलटी चालते हे त्यानेच मला सांगितलं. प्राध्यापकांना ही पानं बघायलाही मिळत नाहीत. आणि सही बघा, मालक. स्वतः ताईंनाही ती खोटी वाटली नाही. अशी सही दोन-चार दिवसांत हातात बसत नाही. लहानपणी पाठ झालेली असावी लागते. प्रगतिपुस्तकावर बघून बघून."

ताईंनी मान वर केली.

"दहा तारखेला चार वाजता प्राध्यापकांचा फोन आला," वहिनी थांबल्या नाहीत. "त्यांना 'बरोबर' डावीकडे हवं होतं. जुळणीवाला दवाखान्यात. छापखान्याला फाइल संध्याकाळपर्यंत द्यायची होती. नियमाप्रमाणे पानं ताईंकडे परत जायला हवी होती. पण संपादक म्हणजे संपादक! दर वेळी बहिणीला काय विचारायचं? त्यांनी स्वतःच मास्टर पेज उघडलं आणि वरचे दोन शब्द अदलाबदल केले. त्यांना वाटलं, शीर्षक हललं की खालचा रकाना आपोआप हलतो. हलला नाही. पान समोर होतं, सोळा पानं समोर होती. पण त्यांना ते दिसलं नाही, कारण दोन रकान्यांतला बरोबर कुठला हे त्यांना नुसतं बघून कळत नव्हतं. ते कळायला घरात ताई होत्या. आणि काल ते मला म्हणाले, फाइल जुळणीवाल्याने पाठवली. पाच वाजून दहा मिनिटांनी, दाढ काढता काढता?"

संपादकाने दाराची कडी घट्ट धरली होती.

"हे... हे तर्क आहेत. टिंबांवरून कोणी..."

"काल तुम्ही मला काय सांगितलंत? ताई वरून खाली, पहिल्या शब्दापासून वाचते. लहानपणापासून बघत आलोय. भावोजींनी लिहून घेतलंय. या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ताई कशा वाचतात ते माहीत आहे. तुम्हाला नाही. त्या वाचत होत्या तेव्हा तुम्ही जेवत होतात, अभ्यास करत होतात, झोपत होतात. बघितलंत कधी?"

संपादकाच्या हातून कडी सुटली.

"घाबरलो मी," संपादक म्हणाला. आवाजातलं लोणी कुठल्या कुठे गेलं होतं. "मालकांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, आणखी एक चूक झाली तर घरी बसायचं. पुस्तक छापून आलं आणि... मला वाटलं, ताईची काय, दोन वर्षं राहिलीत. तिला कोण काय म्हणणार? माझ्यापुढे सगळं आयुष्य आहे. ताई, मुलांकडे बघ."

ताई उठल्या. भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो त्यांच्यापेक्षा हातभर उंच होता, तरी त्यांनी मान वर करून असं पाहिलं की त्याने आपली खाली घातली.

"तू त्या संध्याकाळी घरी आला असतास," त्या म्हणाल्या, "आणि म्हणाला असतास, ताई, माझ्या हातून असं असं झालंय. मी घेतली असती अंगावर. एका शब्दाने विचारलं नसतं. तुझ्या कुठल्या चुकीला मी नाही म्हटलंय आजवर?"

"ताई..."

"पण तू मला वेडी ठरवलंस रे. तीन आठवडे मी घरातली औषधाची बाटलीसुद्धा दोनदा वाचतेय, भलतंच पोटात जाईल म्हणून. रात्री जेवताना तू माझ्याकडे बघत होतास. माझ्या ताटात वाढत होतास. आणि म्हणत होतास, मान्य कर, मी आहे."

तो रडायला लागला. ताईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. चष्मेवाली मात्र तोंडावर पदर धरून हुंदके देत होती.

मालकांनी घसा साफ केला. "निवेदनाचं... आता काय करायचं? घरातली गोष्ट आहे, ताई. नाव नको असेल तर आपण नुसतं 'तांत्रिक चूक' म्हणू. तुम्ही सांगाल तसं."

संपादकाने मोठ्या आशेने वर पाहिलं.

"झालं ते छापा," ताई म्हणाल्या. "पानं माझ्याकडून बरोबर गेली होती असं लिहा. नंतर कोणी बदलली तेही लिहा. 'अक्षम्य' तेवढा राहू द्या. शब्द त्यानेच निवडलाय."

---

वहिनी आणि भावोजी जिना उतरून रस्त्यावर आले तेव्हा ताई मागून आल्या. हातात पिशवी होती. ऊन अजून कडक होतं आणि समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं ओढून घेतलं होतं.

"तुमचे उपकार झाले," त्या म्हणाल्या.

"मला नाही वाटत तसं," वहिनी म्हणाल्या.

"नाही कसं? मी विचारलं, तुम्ही शोधून दिलंत. डोळे शाबूत आहेत." ताईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण खरं सांगू? कालपर्यंत मी हात जोडत होते, माझी चूक नसू दे म्हणून. आता वाटतं, माझीच असती तर बरं झालं असतं. निदान जेवायला घरी गेले असते."

भावोजींनी पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"तुमच्या ओळखीत एखादी खोली आहे का हो भाड्याने?" ताईंनी विचारलं. "एकटीपुरती. आजपासून मिळाली तर बघा."